दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी डिजिटल पुस्तकं: फोनच्या आवाजापासून ग्रंथालयापर्यंत

नजर कमी होत गेली की आजूबाजूची माणसं आधी काठीचं बोलतात, मग नोकरीचं, मग लग्नाचं. वाचनाचा विषय कोणी काढत नाही. फार तर ‘कोणीतरी वाचून दाखवेल’ एवढं म्हणून तो मिटवला जातो. माझी नजर रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे टप्प्याटप्प्यानं गेली आणि आज मी रोज वाचतो. स्वतः वाचतो, हव्या त्या वेगानं, हवं तिथं थांबून आणि मागचं पान पुन्हा काढून. वाचून दाखवणाऱ्या माणसाला ‘तो परिच्छेद परत’ असं पाचव्यांदा सांगताना जीभ अडखळते. फोनला सांगताना अडखळत नाही.

हे सगळं साध्या ॲन्ड्रॉइड फोनवर जमतं. पण माहिती विखुरलेली आहे, आणि जी सापडते ती बहुतेक इंग्रजी पुस्तकं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. मराठी वाचणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी, आणि त्यांना मदत करणाऱ्या घरच्यांसाठी, हा क्रम लिहून ठेवतोय. क्रम शक्यतो बदलू नका. बरेच जण आधी पुस्तकं गोळा करतात आणि मग फोन नीट बोलत नाही म्हणून वाचनच सोडून देतात.

आधी जवळ काय हवं

- स्मार्टफोन. संगणक असला तर उत्तम, नसला तरी पहिल्या पाच पायऱ्या फोनवर होतात.
- अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. नसेल तर दुसरी पायरी बघा.
- आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचा फोटो, तिन्हींच्या स्वच्छ स्कॅन प्रती.
- तुमच्या स्वतःच्या नावाचा ईमेल आणि तुमच्याजवळ असणारा मोबाइल नंबर. भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा ईमेल देऊ नका. पासवर्ड विसरला की प्रत्येक वेळी त्यांच्या सवडीची वाट बघावी लागते.
- इअरफोन. घराबाहेर वाचताना एकाच कानात घाला, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा हवा.

१. फोनचा मराठी आवाज लावा

ॲन्ड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारे प्रोग्राम, आधीपासूनच असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू करण्याबद्दल विचारणा होते. तसं झालं नाही तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात जा.

टॉकबॅक चालू झालं म्हणजे मराठी चालू झालं असं नव्हे. स्क्रीनवर काय आहे ते शोधण्याचं काम स्क्रीन रीडर करतो. बोलण्याचं काम टेक्स्ट-टू-स्पीच इंजिन करतं, आणि त्याची भाषा वेगळी निवडावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुट’ शोधा, गूगलचं इंजिन निवडा, त्यातून मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून घ्या. हे वायफायवर करा आणि आवाज पूर्ण उतरल्याची खात्री करा, म्हणजे रेंज नसलेल्या गावातही वाचन चालू राहील.

इथे एक मोठी फसगत होते. आवाज इंग्रजीचा असेल तर देवनागरी मजकुरावर फोन बऱ्याचदा गप्प बसतो. पान भरलेलं असतं आणि कानाला काहीच येत नाही. ‘फाइल रिकामी आहे’ म्हणून ती पुसून टाकणारे मला कितीतरी भेटले आहेत. पान शांत असेल तर आधी आवाजाची भाषा तपासा, मग फाइलला दोष द्या.

दुसरी अडचण हिंदी आवाजाची. हिंदी आवाज देवनागरी वाचतो, त्यामुळे अनेक जण त्यावरच भागवतात. पण त्याला आपला ‘चोर’मधला च आणि ‘जग’मधला ज म्हणता येत नाही. गोष्टीचं पुस्तक कसंबसं निभावतं. कवितेचे मात्र हाल होतात. मराठी आवाज मिळत असताना हिंदीवर थांबू नका.

वेगाबद्दल एकच सांगणं. सुरुवातीला नेहमीच्या बोलण्याइतका ठेवा आणि कान सरावतील तसा थोडा थोडा वाढवा. अनुभवी वाचक ज्या वेगानं ऐकतात तो डोळस माणसाला नुसता गोंगाट वाटतो. तिथपर्यंत पोचायला घाई लागत नाही.

संगणकावर विंडोज असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. तो मोफत आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठीही आहे. ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी नकोसा होतो. पण तो झटकन उत्तर देतो आणि वेग वाढवला तरी शब्द खात नाही, म्हणून अनेक जुने वापरणारे त्याच्यावरच टिकून आहेत.

२. दाखला आणि यूडीआयडी कार्ड

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे, चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसण्यापेक्षाही) कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. नजर ६/१८ पर्यंतच सुधारत असेल पण ३/६० इतकी खाली गेली नसेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती अल्पदृष्टी. म्हणजे पूर्ण अंधार असेल तरच दाखला मिळतो ही समजूत चुकीची आहे. समोरचा माणूस ओळखू येतो पण छापील ओळ वाचता येत नाही, अशांनीही अर्ज करावा.

१ जून २०२१ पासून दाखला केंद्र सरकारच्या स्वावलंबन या पोर्टलवरूनच मिळतो. ऑनलाइन अर्ज भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे कागद आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल सोबत ठेवा. नाव आधारवर आहे अगदी तसंच भरा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, आडनावाचं स्पेलिंग काय, एवढ्याशा फरकावरून पुढे ग्रंथालयाच्या नोंदणीतही अर्ज अडतो.

फॉर्म भरताना चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची चौकट येते. तिथे बी माय आयज या ॲपवरचा स्वयंसेवक व्हिडिओवर बघून ती वाचून देऊ शकतो. फक्त आधार नंबर किंवा ओटीपी कॅमेऱ्यासमोर येणार नाही याची काळजी घ्या.

३. सुगम्य पुस्तकालयाचे सदस्य व्हा

भारतातल्या दृष्टिहीन वाचकाचा पहिला मुक्काम इथे. हे ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालं. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं. डेझी फोरम म्हणजे पुस्तकं सुलभ स्वरूपात आणणाऱ्या देशभरच्या संस्थांचा गट. प्रत्येकीनं तयार केलेली पुस्तकं एका जागी आली, त्यामुळे पुण्यातल्या वाचकासाठी एकदा झालेलं काम गडचिरोलीतल्या वाचकाला पुन्हा करावं लागत नाही.

पायऱ्या अशा:

- संकेतस्थळावर नोंदणीचा फॉर्म उघडा.
- सदस्यत्व एखाद्या संस्थेमार्फत मिळतं. यादीतून तुमच्या जवळची संस्था निवडा. जवळची म्हणजे जिचा फोन उचलला जातो आणि जी मराठीत बोलते अशी. अंतर दुय्यम आहे, कारण पुढचं सगळं काम ऑनलाइनच होतं.
- दाखला आणि ओळखपत्र जोडा. दाखल्याची चारही टोकं फोटोत आली पाहिजेत. शिक्का कापला गेला म्हणून अर्ज परत येणं ही नेहमीची तक्रार आहे, तेव्हा हा फोटो डोळस माणसाकडून एकदा बघून घ्या.
- संस्थेनं कागद तपासले की लॉगिन सुरू होतं. बरेच दिवस उत्तर आलं नाही तर ग्रंथालयाला नंतर लिहा, आधी निवडलेल्या संस्थेला फोन करा. अर्ज बहुधा तिथेच थांबलेला असतो.

मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून काम करते आहे आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी (झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड) हे केंद्र २००३ पासून. दाखला, सॉफ्टवेअर, पुस्तकं यांपैकी कशातही अडलात तर अशा ठिकाणी विचारायला संकोच करू नका.

या ग्रंथालयाचा उपयोग फक्त अंधांनाच होतो असं नाही. डिसलेक्सियामुळे छापील मजकूर वाचता न येणारे किंवा हातांच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरू न शकणारे यांचाही विचार ‘मुद्रण-अक्षमता’ या व्याख्येत होतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी बुकशेअर हे अमेरिकेतलं मोठं ऑनलाइन ग्रंथालय आहे. देशोदेशींच्या अशा ग्रंथालयांमध्ये पुस्तकांची देवाणघेवाण होऊ शकते ती २०१३ च्या माराकेश करारामुळे. तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली.

४. कोणत्या स्वरूपात पुस्तक घ्यायचं

एकच पुस्तक अनेक स्वरूपांत मिळतं आणि नवखा वाचक इथे गोंधळतो.

डेझी हे खास आपल्यासाठी बनवलेलं स्वरूप. त्यात प्रकरण, उपप्रकरण, पान अशा उड्या मारता येतात. डेझीत फक्त मजकूर, फक्त ध्वनी किंवा दोन्ही असू शकतं. मजकूर असलेली प्रत तुमच्या फोनच्या आवाजात वाचली जाते आणि फाइल लहान असते. ध्वनी असलेली प्रत जड असते, पण माणसाच्या आवाजातली असली तर कादंबरी ऐकायला तिची सर दुसऱ्या कशाला नाही. ई-पब हे आज सर्वत्र चालणारं स्वरूप, प्रकरणांच्या उड्या त्यातही आहेत. वर्डची फाइल अभ्यासाला बरी, कारण तिच्यात टिपणं करता येतात.

बीआरएफ ही ब्रेलची फाइल. ती ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात किंवा ब्रेल छपाईयंत्रावर छापतात. डिस्प्ले महाग असतात, तरी मुलांच्या बाबतीत ब्रेलचा आग्रह सोडू नका. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कसं लिहितात ते कळत नाही. ज्या मुलानं फक्त ऐकलं, त्याला परीक्षेत लेखनिकाला ‘कसं लिहू?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. हे बघताना मला फार वाईट वाटतं, कारण त्यात त्या मुलाचा काहीच दोष नसतो.

सुरुवातीला मजकूर असलेली डेझी किंवा ई-पब घ्या. वाचायला फोनवर डॉल्फिन ईझीरीडर आणि विंडोजवर थोरियम रीडर. दोन्ही मोफत आहेत आणि स्क्रीन रीडरसोबत नीट चालतात. डेझी पुस्तक झिप करून येतं. ते फोडताना आतली एकही फाइल इकडेतिकडे हलवू नका, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात.

५. पुस्तकात फिरायला शिका

सुरू करायचं आणि ऐकत राहायचं, एवढ्यावर थांबलात तर ते रेडिओसारखं होतं. फिरता आलं पाहिजे. टॉकबॅकमध्ये एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक, डावीकडे सरकवलं की मागचा, आणि दोनदा टॅप केलं की निवड. नव्या फोनवर तीन बोटांनी एकदा टॅप केल्यावर मेनू उघडतो, त्यात सलग वाचनाचा पर्याय असतो. तीन बोटं वर किंवा खाली सरकवून अक्षर, शब्द, ओळ, शीर्षक यांपैकी काय धरून पुढे जायचं ते बदलता येतं. एखादं नाव नीट कळलं नाही तर अक्षरावर या आणि सुटं सुटं ऐका. व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटं खाली ओढली की सलग वाचन, दोन बोटांनी टॅप केलं की थांबणं.

एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे सलग वाचन, कंट्रोल म्हणजे थांब. वेबपानावर एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर. ही एवढी बटणं बोटांत बसली की मराठी विश्वकोशाच्या लांबलचक नोंदीतही हवा तो भाग पटकन सापडतो.

६. ग्रंथालयात नसलेलं पुस्तक

विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन मजकूर स्वरूपात आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेली सापडतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो, त्यामुळे जुन्या पिढीतलं बरंच साहित्य तिथे हक्कानं वाचता येतं.

विकत घ्यायचं असेल तर किंडलवर पुस्तकाच्या माहितीत ‘स्क्रीन रीडर’ आणि ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ अशा नोंदी असतात, त्या आधी वाचा. त्यानंतर मोफत नमुना उतरवून आपल्याच फोनवर, आपल्याच आवाजात दोन पानं ऐका. काही ई-पुस्तकं म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. पैसे भरल्यावर हे कळण्यात अर्थ नाही. ऐकण्यासाठी स्टोरीटेलवर मराठीचा मोठा साठा आहे, मासिक वर्गणी पडते.

७. पीडीएफ आली तर

व्हॉट्सॲपवर कोणी प्रेमानं पाठवतं, ‘घे, अख्खं पुस्तक आहे.’ आणि ते वाचता येत नाही. मराठी पीडीएफ तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

ओळखायची सोपी युक्ती अशी. पानावरची एक ओळ कॉपी करून स्वतःलाच पाठवायच्या मेसेजमध्ये चिकटवा. शुद्ध मराठी आली तर फाइल युनिकोडमधली आहे, सरळ वाचा. ओळ निवडताच येत नसेल तर पानं स्कॅन केलेली आहेत, म्हणजे फोटो. आणि ओळ निवडता येते, पण चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो, तर ती जुन्या फाँटमधली.

हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. श्री-लिपी, आकृती, कृतीदेव, डीव्हीबी सुरेख असे फाँट युनिकोड रुळण्याआधीपासून मराठी छपाईत वापरात आहेत. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात त्या जागी भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळस माणसाला पान सुंदर दिसतं. स्क्रीन रीडर मात्र ‘पर्सेंट, डॉलर, के, स्लॅश’ असलं काहीतरी म्हणत सुटतो. पाठवणाऱ्याला सांगितलं तर त्याला पटत नाही, ‘अरे, मला तर छान दिसतंय.’ त्याच्याशी वाद घालू नका. त्यालाच एक ओळ कॉपी करून चिकटवायला सांगा.

स्कॅन केलेल्या पानांसाठी ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं. संगणकाच्या ब्राउझरवरून फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी चांगली ओळखली जाते. फाइल जड असेल तर प्रकरणाप्रमाणे तुकडे करा. २ एमबीच्या आत ठेवलेलं बरं. जुन्या फाँटच्या पीडीएफसाठी फाँट बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यात जोडाक्षरं बिघडतात. माझं मत, पानांची चित्रं करून त्यांचं ओसीआर करावं. चित्रं न करता पीडीएफ तशीच ड्राइव्हवर टाकलीत तर आतला तोच कचरा उचलला जाऊ शकतो.

८. छापील पुस्तक स्वतः तयार करायचं असेल तर

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर (ही स्कॅनच्या स्पष्टतेची सेटिंग), एकेक पान वेगळं. फोननं फोटो काढत असाल तर प्रकाश सगळीकडून सारखा हवा, पुस्तक सपाट आणि शिवणीजवळची अक्षरं वाकलेली नसावीत. डोळस मित्राची मदत घ्यायची असेल तर ती इथे घ्या. एक पुस्तक वाचून दाखवण्यात त्याचे आठवडे जातील, स्कॅन करण्यात एखादी दुपार.

ओसीआरनंतर तपासणी टाळता येत नाही. देवनागरीत ठरावीक चुका होतात. ‘घ’चा ‘ध’ होतो आणि ‘तो धरी गेला’ असं ऐकू येतं. ‘भ’चा ‘म’, ‘ख’चा ‘रव’, १ चा ९. इतिहासाच्या पुस्तकात ही शेवटची चूक सनावळ्या उलथ्यापालथ्या करते, म्हणून आकडे हमखास डोळस माणसाकडून पडताळा. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मध्येच घुसतं, ते ‘फाइंड अँड रिप्लेस’नं एकदम काढून टाका.

मग प्रत्येक प्रकरणाच्या नावावर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. ते खरं शीर्षक बनतं. नुसतं ठळक केलेलं अक्षर स्क्रीन रीडरच्या लेखी शीर्षक नसतं. शेवटी गूगल डॉक्समधून फाइल ई-पब म्हणून उतरवा.

हे कायदेशीर आहे का, असं अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) घातलं गेलं. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही पुस्तक सुलभ स्वरूपात आणू शकतं आणि वैयक्तिक वाचन, शिक्षण किंवा संशोधनासाठी ते दुसऱ्या अपंग व्यक्तीला देऊ शकतं. त्यात नफा घ्यायचा नाही, फार तर तयार करण्याचा खर्च. आणि ही फाइल सर्वसाधारण गटांवर टाकायची नाही. ही अट काटेकोरपणे पाळा. प्रकाशकाला फोन करून मूळ फाइल मागण्यातही काही गैर नाही. मागताना दाखल्याची प्रत जोडा आणि फाइल युनिकोडमध्येच हवी हे स्पष्ट लिहा.

फाइल तयार झाली की पहिल्या पानावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं साल, आयएसबीएन आणि कुठपर्यंत तपासणी झाली आहे ते लिहा. मग ती तुमचं सदस्यत्व ज्या संस्थेमार्फत झालं तिच्याकडे पाठवा आणि ग्रंथालयात घ्याल का, असं विचारा. पाठवण्याआधी तेच पुस्तक सुगम्य पुस्तकालयात कोणी चढवलं आहे का ते शोधा. नाव देवनागरीत टाकून बघा आणि रोमन लिपीतही, कारण मराठी पुस्तकांच्या नोंदी दोन्ही तऱ्हांनी झालेल्या असतात.